पाचव्या मोहाची उलटी कोर

सुभद्राबाईला भाऊ होता. तिच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून, मारुतीच्या पारासमोरच्या दगडी ओट्याच्या घरात तो राहत होता. चांगला जेवत-खात होता, ट्रॅक्टर बाळगून होता, शाळेच्या समितीचा अध्यक्ष होता. तरी गेली अकरा वर्षं भाऊबीजेच्या संध्याकाळी सुभद्राबाई ताट घेऊन पारावर चढायची आणि मावळतीला टेकलेल्या बीजेच्या कोरीला ओवाळायची. चंद्राला कोण ओवाळतं हे आपल्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असतं. जिला भाऊ नाही, ती.

घरच्या अंगणातून चंद्र दिसत नव्हता असं नाही. चांगला दिसायचा, बाभळीच्या वर. पण अंगणात ओवाळलं असतं तर ते फक्त चंद्राला कळलं असतं.

त्या दिवशी तिचा भाऊ उद्धवराव दुपारीच भीमपूरला निघून जायचा आणि कोर बुडाल्यावर परत यायचा. बीजेची कोर काही फार वेळ थांबत नाही. पण गाव थांबतं. ओट्याओट्यावर बसून बाया बघायच्या, आणि उद्धवरावाचं बंद दारही बघायच्या. वर्षातून एकदा, अर्धा तास, सुभद्राबाई आपल्या जित्या भावाला मेलेला ठरवायची आणि घरी येऊन शांतपणे भाकरी थापायची.

हे वैर शेताचं नव्हतं. झाडांचं होतं.

सुभद्रा गावातल्या गावात दिलेली लेक. अशा लेकीला सासर असतं, माहेर नसतं. सणाला गाडी जुंपून कोणी न्यायला येत नाही, वेशीपाशी गळ्यात पडून रडता येत नाही. सासूशी भांडून निघालं तर बापाच्या घरी पोचेपर्यंत चप्पलही गरम होत नाही. तिचा बाप उत्तमराव हे जाणून होता. त्यानं लग्नाच्या आदल्या दिवशी, अंगाला हळद लागलेली पोर तशीच उठवली आणि पैनगंगेकडच्या शेतात नेली. तिथं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मोहाची पाच झाडं होती. तो म्हणाला, “तुले माहेरी जायाले गाडी लागत नाई, म्हणून तुह्यं माहेर थोडं लांब ठेवतो. हे पाच मोह तुह्ये. फुलं तुह्यी, सावली तुह्यी. रडू आलं तं इथं येऊन रडाचं.”

लेकीला झाड आंदण दिलं की त्यावर खूण करायची, अशी त्या घराची रीत होती. मोहाच्या सालीत वाकसानं, सुताराच्या आडव्या पात्याच्या हत्यारानं, चंद्रकोर कोरायची, लेक कपाळावर काढते तशी, टोकं वर. उत्तमरावानं चार झाडांवर चार कोरी काढल्या. सालीतून पांढरा चीक आला. पाचव्या झाडापाशी त्यानं वाकस तेरा वर्षांच्या उद्धवच्या हातात दिला. एका झाडाला भावाचा हात लागला पाहिजे, ही पण रीतच.

उद्धव चढेल पोरगं. खाली उभं राहून कोरायचं सोडून तो वरच्या बेचक्यात चढला, पोटावर पालथा पडला आणि खाली लोंबकळत कोर कोरली. झाडावरून उतरून बघतो तर टोकं खाली. कोरताना त्याला ती सरळच दिसत होती, कारण तो स्वतः उलटा होता.

बाप हसून हसून खाली बसला. “चंद्र सांडला रे तुह्या हातून,” म्हणाला.

पुढं तीस वर्षं त्या घरात हा विषय निघाला की उद्धवराव लाजायचा. मिशा पिकल्या तरी लाजायचा. पण दुपारी बैल सोडून सावलीला आला की पाचव्याच मोहाखाली बसायचा. तंबाखू मळून झाली की अंगठ्याला उरलेला चुना त्या उलट्या कोरीत पुसायचा. रोजचा चुना बसून बसून चार कोरी काळपट राहिल्या आणि पाचवी पांढरीशुभ्र झाली. हे बघणारी एकटी सुभद्रा होती. चैतात फुलं वेचायला ती पहाटे धुऱ्यावर असायची, आणि वाकल्या वाकल्या तिला समोरच्या खोडावर ती पांढरी, पालथी कोर दिसायची. तेवढ्यावर तिचा दिवस बरा जायचा.

मग एका थंडीत तिच्या मालकाचं ऑपरेशन निघालं. आठ दिवस ती आदिलाबादला सरकारी दवाखान्यात होती. परत आली, मालकाला खाटेवर टेकवलं आणि संध्याकाळी धुऱ्याकडं गेली. रडायचं थोडं साचलं होतं.

धुरा नव्हता. जेसीबीनं सरळ करून टाकला होता. झाडं मशीनच्या करवतीनं पडली होती, लाकूड लॉरीत चढून नदीपार गेलं होतं, मुळंसुद्धा उपटली होती. पाच खड्डे बुजवल्याची माती तेवढी ओली होती.

“सावलीनं कापूस बसत नोयता, अक्का,” उद्धवराव म्हणाला. “आन् ट्रॅक्टर वळाले जागा नोयती.”

इथवर तिनं गिळलंही असतं. माणूस कापसापायी काय काय करतो, तिनं पाहिलं होतं. पण तिनं पंचांपुढं एवढंच विचारलं की माझी आंदणाची झाडं मला न विचारता का तोडली, आणि उद्धवरावाला पंचांपुढं मान खाली घालणं जड गेलं. मारुतीच्या देवळात त्यानं बेल-भंडारा उचलून शपथ घेतली आणि सांगितलं, “झाडं बापाची होती, बापामागं माही. एकाबी झाडावर कायचीच खूण नोयती.”

खुणा धुऱ्याच्या नदीकडच्या अंगाला होत्या, घाणेरीच्या जाळीआड. फार लोकांनी पाहिल्या नव्हत्या. ज्यांनी पाहिल्या होत्या त्यांना पेरणीला उद्धवरावाच्या ट्रॅक्टरची पाळी लागत होती. पंचांतले सगळ्यांत म्हातारे, ज्यांना गाव बाबा म्हणतं, ते सुभद्रेला म्हणाले, “बाई, पाठच्या भावावर खोटा आळ घेऊ नाई. पाप लागते.”

सुभद्राबाई देवळातून उठली. पदर डोक्यावर घेतला आणि घरी आली. त्याच वर्षी भाऊबीजेला ती पहिल्यांदा पारावर चढली.

तिला फुलं नको होती, लाकूड नको होतं. तिला भावाच्या तोंडून, चार माणसांत, एक वाक्य हवं होतं. बापानं खूण केली होती, एवढंच. अकरा वर्षं ती या एका वाक्याच्या मागावर होती, आणि तिच्या हातात वाकसाच्या एका ढलपीएवढाही पुरावा नव्हता.

ती शाळेत पोरांचा सैपाक करते, भागाबाईच्या जोडीनं. सैपाकघराचं दार शाळेच्या लांब पडवीत उघडतं आणि पडवीच्या टोकाच्या भिंतीवर, या जूनमध्ये, हेडमास्तर आलोक सरांनी एक चित्र टांगलं.

चित्र नागपूरहून आलं होतं. चौदा वर्षांमागं मयूरीताई नावाची एक चित्रकार बाई चैतात पंधरा दिवस सुभद्राबाईच्या घरी राहून गेली होती. रोज पहाटे तिच्यासोबत मोहाखाली यायची, वहीत चार रेघा मारायची, बाकी नुसती बघत बसायची. सुभद्राबाई विचारायची, “काढलं का वो चित्र?” ती म्हणायची, “अजून पाहते आहे.” असं पंधरा दिवस नुसतं पाहून ती गेली. आता इतक्या वर्षांनी तिनं गावच्या शाळेला भेट म्हणून हे पाठवलं होतं. सोबतच्या चिठ्ठीत नाव होतं, ‘झाडे, चैत्र’. कुठली झाडं, ते नव्हतं.

उघडलं तेव्हा सगळ्यांची निराशाच झाली. चार हात लांब कापड. त्यावर पाच निळे खांब, त्यांतला दुसरा डावीकडं कललेला. खांबांना फांदी नाही, पान नाही. वरती तांबड्या रंगाचा जाड पट्टा, खाली काळा पट्टा, काळ्यावर पिवळट ठिपके. प्रत्येक खांबावर एक लहानशी कोर.

“झाडं म्हणतात याले?” भागाबाई म्हणाली. “माह्या नातवानं यापक्षा बरी काढली असती. त्याले निदान पानं येतात.”

“मॉडर्न आर्ट आहे हो,” आलोक सर म्हणाले. सर मंचेरियलचे. त्यांचं घराणं चार पिढ्यांमागं तिकडं गेलेलं, वडील बेल्लमपल्लीला खाणीच्या ऑफिसात कारकून. घरात जपून ठेवलेलं त्यांचं मराठी इस्त्रीच्या शर्टासारखं होतं, एक चुणी नाही. सरांना वाकडं खपत नसे. पोरांच्या चपला ओळीत, भिंतीवरच्या तसबिरी ओळंब्यात, फळ्यावरची तारीख रोज त्याच कोपऱ्यात. “यात चंद्र, खांब, आकाश. समजून घ्यायचं असतं.”

सुभद्राबाईलाही राग आला. पंधरा दिवस माझ्या घरची भाकरी खाऊन या बाईनं काय काढलं तर विजेचे खांब.

पण चित्र सैपाकघराच्या दारासमोर होतं. चुलीशी बसलं आणि मान वर केली की तेच. माणूस रोज ज्याच्याकडं पाहतो त्याच्याशी कधी ना कधी बोलणं होतंच.

आखाडातल्या एका अंधारलेल्या सकाळी ती चुलीत फुंकर मारत होती. धुरानं डोळे भरले होते. तिनं मान वर केली आणि पडवीच्या टोकाला, धुरापलीकडं, तिला पहाट दिसली. चित्र दिसलं नाही, पहाट दिसली. मोहाची खोडं दिवसा काळपट असतात. पण उजाडायच्या आधी, सूर्य यायला अजून दोन टोपल्या फुलांचा वेळ असतो तेव्हा, ती निळी असतात. हे तिला माहीत होतं. ती तीस वर्षं त्या वेळेला तिथं वाकलेली होती. पण निळी असतात हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

मग एकेक उलगडत गेलं. जवळ गेलं की नुसता रंग थापलेला, दारातून पाहिलं की झाड. खालचा काळा पट्टा म्हणजे जाळलेली जमीन. फुलं पडायच्या आधी मोहाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करावी लागते, नाहीतर फुलं सापडत नाहीत. काळ्यावरचे पिवळट ठिपके म्हणजे रात्रीतून गळालेली फुलं. वरचं तांबडं आभाळ नव्हतंच. फुलं सरताना मोहाला नवी पालवी येते ती तांब्याच्या भांड्यासारखी असते. आणि दुसरं झाड कललेलं होतंच, नदीला पूर आला त्या साली कललं होतं.

फांद्या का नाहीत, याचं उत्तर तिला सगळ्यांत उशिरा सापडलं. फुलं वेचणारी बाई वाकलेली असते. तिला फांद्या दिसत नाहीत, खोडंच दिसतात. त्या मयूरीताईनं झाडं काढली नव्हती. तिनं सुभद्रेला दिसणारी झाडं काढली होती.

मग तिनं कोरी पाहिल्या. चार काळपट, टोकं वर. पाचवी पांढरी, टोकं खाली.

त्या दिवशी पोरांचं वरण, इकडचा पप्पू, खाली लागलं. पोरं वास घेत म्हणाली, “आज वरण जळलं.” भागाबाईनं पळी तिच्या हातातून काढून घेतली.

“काय झालं वो? भूत पाह्यलं काय?”

सुभद्राबाईनं तिला सगळं सांगितलं. भागाबाईनं पडवीत जाऊन पाचवी कोर नाकाला नाक लावून पाहिली, मग लांबून पाहिली. “मंग लाव त्या नागपूरच्या बाईले फोन,” ती म्हणाली. “म्हणा, या साक्षीले.”

“ती परकी. लोक म्हणतीन, चित्र काढणारे मनचं काढतात. मले तिचं तोंड नाई पाह्यजे. त्याचं पाह्यजे.”

“तो काऊन बोलते? बेल-भंडारा उचलून बसला.”

“त्यानं पाह्यलं हे चित्र?”

“पाह्यलं तं. जुलैच्या मिटिंगले आला होता. हसला. म्हणे, निळे खांब. मंग खुर्ची फिरवून बसला.”

“कोन्या बाजूनं फिरवली?”

भागाबाईनं आठवून पाहिलं. “चित्राकडं पाठ करून.”

सुभद्राबाई पहिल्यांदा हसली. हसू चांगलं नव्हतं.

गाव ज्या चित्राला हसून मोकळं झालं, त्या चित्राकडं त्यानं पाठ फिरवली. म्हणजे त्यानं वाचलं होतं. आणि हीच या चित्राची गंमत होती. मोहाचा फोटो असता तर कोणीही ओळखला असता, त्यात काय. हे चित्र फक्त त्यालाच ओळखू येणार होतं जो त्या झाडांखाली बसला होता. ज्यानं ओळखलं तो सापडला.

पण त्यानं ओळखलं हे त्याच्या तोंडून बाहेर कसं काढायचं? सुभद्राबाई चार आठवडे तांदूळ निवडत विचार करत राहिली. विंचू बिळातून काढायचा तर बिळात काडी घालावी लागते, आणि काडी अशी पाहिजे की तो तिला धरल्याशिवाय राहणार नाही. उद्धवराव लाजेपुढं झुकला नव्हता, देवापुढं झुकला नव्हता. मग एका दुपारी ताटं घासताना तिला त्याचा अंगठा आठवला. तंबाखू मळून झालेला, चुन्यानं पांढरा, सावकाश त्या खाचेतून फिरणारा.

दुसऱ्या दिवशी ती आलोक सरांना म्हणाली, “सर, त्या बाईची चूक झाली वाटते. चार चंद्र सरळ हायेत, पाचवा उलटा.”

सरांनी चष्मा लावून पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. “खरंच की.”

आठवड्यानं ती पुन्हा म्हणाली, “पोरं इचारतात, चंद्र उलटा कसा. काय सांगाचं?” त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाली, “तपासणीले साहेब येनार म्हणे. त्यायच्या डोळ्यात भरंन हे.” तीन वेळा पाणी घातल्यावर बी रुजलं. आता सर स्वतःच ये-जा करताना त्या पाचव्या कोरीकडं बघून अस्वस्थ व्हायचे, जशी एखादी चप्पल ओळीबाहेर पडली असावी.

“तू पागल झाली,” भागाबाई म्हणाली. “तुह्याजवळ तेवढीच एक निशाणी हाय. आन् तेच पुसाले सांगून राह्यली?”

“हो.”

“आन् तो गप्पच राह्यला तं?”

सुभद्राबाईनं चुलीत लाकूड सारलं. त्या रात्री जेवली नाही, एवढं मात्र खरं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात समितीची बैठक झाली. पडवीला रंग देणं चालू होतं, म्हणून आदिलाबादचा रंगारी तिथंच डबे मांडून होता. खुर्च्या लागल्या. आठ-दहा माणसं. बाबा काठी टेकवून मधोमध. उद्धवरावानं आपली खुर्ची फिरवली आणि चित्राकडं पाठ करून बसला. सुभद्राबाई चहा घेऊन आली. अकरा वर्षांत तिनं त्याच्या हातात कप दिला नव्हता. टेबलावर ठेवायची, तो उचलायचा.

रंगाचं बोलणं झालं. मग आलोक सर म्हणाले, “अध्यक्षसाहेब, रंगारी आहेच तर एक बारीक काम करून घेऊ. त्या चित्रात पाचवा चंद्र उलटा झालाय. निळ्यानं बुजवून सरळ काढून देतो म्हणतो तो. पाच मिनिटांचं काम. सुभद्राबाईंच्या लक्षात आलं ते.”

उद्धवरावाची बशी हातात तशीच राहिली. त्यानं बहिणीकडं पाहिलं. ती दुसऱ्या माणसाला चहा देत होती.

“तुमाले बरं वाटंन ते करा, सर,” तो म्हणाला.

रंगारी स्टुलावर चढला. त्यानं डब्यातल्या निळ्याशी चित्रातला निळा जुळवून पाहिला, थोडा काळा मिसळला, बारीक ब्रश बुडवला. लोक मजा बघायला माना वळवून बसले. एकट्या उद्धवरावाची पाठ तशीच होती. ब्रशच्या टोकाला निळा थेंब जमला. सुभद्राबाईला वाटलं, ओरडावं. बापाचा हात, भावाचा हात, तीस वर्षांच्या पहाटा, सगळं त्या थेंबाखाली जाणार होतं आणि हे तिनंच ओढवून आणलं होतं. तिनं ट्रे घट्ट धरला.

“भाऊ, नीट पुसा,” ती रंगाऱ्याला म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “कोण्या उनाड पोरानं चुना पुसून ठेवल्यावानी दिसते ते. डाग राहू देऊ नका.”

चुन्याचं नाव तोवर कोणी काढलं नव्हतं.

खुर्ची करकरली. उद्धवराव उभा होता, चित्राकडं तोंड करून.

“राहू दे रे,” तो म्हणाला.

रंगाऱ्याचा हात हवेत थांबला. सर म्हणाले, “अहो, पण ती चूक—”

“चूक नाई ते. तसंच होतं.”

चुलीवरचं आधण वाजत होतं तेवढंच.

बाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “काय तसंच होतं, उद्धवराव?”

उद्धवराव चित्रापाशी गेला. रंगाऱ्याचं मनगट धरून बाजूला केलं. त्याचा उजवा अंगठा वर आला आणि कापडापासून चार बोटं दूर थांबला. “ते कोर,” तो म्हणाला. “पाचव्या मोहावरची. म्या काढली होती. वरतून लटकून. वाकस बापाचा होता.”

“आन् बाकीच्या चार कोणं काढल्या?” सुभद्राबाईनं विचारलं. तिनं ट्रे खाली ठेवला नव्हता.

“बापानं.”

“कोणासाठी?”

त्यानं अंगठा मुठीत घेतला. ती थांबली. तिला थांबण्याची सवय होती.

“तुह्यासाठी, अक्का.”

सुभद्राबाई बाबांकडं वळली. “बाबा, आळ कोणं घेतला होता वो?”

बाबांनी कपात पाहिलं. कपात चहा नव्हता.

तिनं कप गोळा केले, मोजून. एक उद्धवरावाच्या खुर्चीखाली होता, तोही वाकून उचलला. मग सैपाकघरात जाऊन वरणाला मीठ घातलं. भागाबाई म्हणाली, “आता तं थंडा झाला का जीव?” सुभद्राबाईनं चव घेतली, अजून चिमूटभर टाकलं आणि म्हणाली, “नाई.”

भाऊबीजेला सगळं गाव पारापाशी होतं. ज्यांना स्वतःच्या बहिणींकडं जायचं होतं तेही अर्धा तास थांबले होते. यंदा दगडी ओट्याचं दार उघडं होतं. पारावर पाट मांडलेला होता आणि पाटावर उद्धवराव बसला होता, धुतलेली टोपी घालून, पूर्वेकडं तोंड करून, छप्पन्न वर्षांचा माणूस, मांडीवर हात ठेवून. आठ दिवसांत कोणी त्याला खोटारडा म्हटलं नव्हतं. त्याच्या समोरून जाताना आवाज बारीक करत होते एवढंच. ते जास्त लागत होतं.

सुभद्राबाई ताट घेऊन आली. निरांजनावर हात धरून पायऱ्या चढली. पाटाला वळसा घातला, त्याला पाठीशी घेतलं आणि मावळतीच्या कोरीला ओवाळलं. तीन वेळा, सावकाश, दरवर्षीसारखं. अक्षता पश्चिमेला टाकल्या.

“अक्का,” मागून आवाज आला. “म्या चार लोकायत कबूल केलं. आता तं माह्याकडं पाह्य.”

ती वळली. “पाह्यलं. उठ.”

“ओवाळत नाई?”

“नाई.”

“कधीच नाई?”

तिनं ताट कमरेला टेकवलं. “अकरा वर्सं म्या चंद्राले ओवाळलं. तू भीमपूरले जाऊन चहा पेत होता. धुऱ्यावर पाच मोह लाव. पाणी घाल, कुंपण घाल, ढोरं हाकल. तुह्या हातानं, गड्याच्या नाई. त्याले फुलं आली का त्या साली बस पाटावर. म्या ओवाळीन.”

“मोहाले फुलाले धा-बारा वर्सं लागतात, अक्का.”

“मले ठाव हाय.”

“तू तवापर्यंत त्र्याहत्तरची होशीन. जगशीन का?”

“तुले तिथं रोज घागर वाह्यताना पाह्याचं हाय,” सुभद्राबाई म्हणाली. “म्या जगीन.”

आणि ती पायऱ्या उतरली. कोर तोवर बुडाली होती. पाटावरून उठताना उद्धवरावाला गुडघ्यावर हात द्यावा लागला, ते गावानं पाहिलं.

चार दिवसांनी, पोरांची जेवणं चालू असताना, तो शाळेत आला. पायाला धुऱ्याची माती होती. खड्डे खणायला घेतले होते त्यानं, पण जेसीबीनं सरळ केलेल्या धुऱ्यावर झाडं नेमकी कुठं होती हे आता त्यालाही सांगता येत नव्हतं. तो सैपाकघराच्या दाराशी उभा राहिला.

“दुसऱ्या मोहापासून तिसरा किती पावलावर होता, अक्का?”

सुभद्राबाई पोरांना भात वाढत होती. तिनं पळीनंच पडवीच्या टोकाकडं दाखवलं. “तिथं हाय. पाह्य.”

“त्यात कायचं माप? नुसते निळे पट्टे.”

“जवळून नाई दिसत. मांगं सरक.”

तो दोन पावलं मागं सरकला.

“अजून.”

तो आणखी सरकला. पोरांच्या पंगतीत, दोन ओळींच्या मधोमध, टोपी काढून हातात धरून उभा राहिला. पोरं घास हातात धरून त्याच्याकडं बघू लागली. मग त्याचा अंगठा तर्जनीवर हळूहळू घासू लागला, मळलेली तंबाखू असावी तसा.

“दुसरा कललेला लावाचा का?” त्यानं वळून न पाहता विचारलं.

“सरळ लाव,” सुभद्राबाई म्हणाली. “कलाचा तं तो आपल्यानं कलंन.”

आणि तिनं पुढच्या ताटात भात वाढला.